‘डॉरिस’मधलं ते हसू : एका अल्बमच्या समीक्षेचा प्रकरण अभ्यास

साउंडचं शिकायला येणाऱ्या मुलांना मी दरवर्षी एक जुनं कात्रण वाचायला देतो. साडेचारशे शब्दांचं परीक्षण आहे, मार्च 2017 मधलं, एका छोट्या मराठी मासिकाच्या तरुणांसाठीच्या पानांवर छापलेलं. लेखकाचं नाव झाकलेलं असतं. मुलं वाचतात, दोन जागी खुदकन हसतात. मग मी विचारतो, "अल्बम वाजतो कसा, हे कळलं का यातून?" जरा शांतता पसरते. मग एखादी मुलगी म्हणते, "नाही सर. पण लिहिणाऱ्याला तो अजिबात आवडलेला नाही, हे कळलं."

लिहिणारा मीच. अल्बम होता ‘सुइसाईड सायलेन्स’ याच नावाच्या अमेरिकन डेथकोर बँडचा, 24 फेब्रुवारी 2017 ला आलेला. त्या वर्षी जगभरात त्याला जेवढ्या शिव्या पडल्या तेवढ्या या प्रकारच्या संगीतात क्वचितच कुणाला पडल्या असतील. मुंबईतल्या लालबागच्या एका खोलीत त्यात माझीही भर पडली. ती कशी पडली आणि त्यातली किती रास्त होती, त्याचं हे प्रकरण.

ज्यांनी हे संगीत ऐकलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगतो. डेथकोरमध्ये डेथ मेटलचा वेग आणि घोगरा गळा असतो, आणि हार्डकोर-मेटलकोर या प्रकारांकडून आलेला ‘ब्रेकडाऊन’ असतो. ढोल-ताशा ऐकलेल्या माणसाला ब्रेकडाऊन समजावून सांगावा लागत नाही. ताशाची तर्री चढत चढत गेलेली असते, मग एकदम लय अर्ध्यावर येते, ठोके मोजके पण जड पडायला लागतात, आणि पुढच्या रांगेतल्या पोरांना उभं राहवत नाही. गिटारच्या तारा इतक्या उतरवलेल्या असतात की सूर कमी आणि जमीन हादरल्याची जाणीव जास्त. गळ्याचं म्हणाल तर खऱ्या स्वरतंतूंच्या वर पडद्यांची आणखी एक जोडी असते, तिला थरथरवून हा आवाज काढतात. नुसतं ओरडायला गेलात तर दोन दिवसांत आवाज बसतो. जे वर्षानुवर्षं गातात ते शिकून, रियाज करून गातात. आमच्या जॅमरूमच्या मालकाला हे कधीच पटलं नाही. त्याच्या लेखी आमचं पोट दुखत होतं.

सुइसाईड सायलेन्स कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाईडचा बँड, 2002 मध्ये सुरू झालेला. ‘द क्लेन्सिंग’ हा त्यांचा पहिला अल्बम 2007 चा. तो आला तेव्हा डेथ मेटलची जुनी मंडळी याला संगीत मानायलाच तयार नव्हती. आपल्याकडे धोबीतलावच्या रंगभवनात बसून मेटल ऐकलेल्या पिढीलाही हे सगळं पोरकट वाटायचं: केस कापलेली, टी-शर्ट अंगाला चिकटलेली पोरं, आणि म्हणे मेटल. दहा वर्षांनी ज्यांनी ‘आमचं डेथकोर बाटवलं’ म्हणून टाहो फोडला ते याच पोरांचे चाहते होते. ही गंमत तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही.

बँडचा चेहरा होता गायक मिच लकर. 2012 च्या हॅलोवीनच्या रात्री त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि दुसऱ्या दिवशी, 1 नोव्हेंबरला तो गेला. डिसेंबरमध्ये त्याच्या लहान मुलीच्या शिक्षणासाठी बँडने स्मृतिकार्यक्रम केला. पुढे ‘ऑल शॅल पेरिश’ या बँडचा एडी हर्मिडा गायक म्हणून आला आणि 2014 मध्ये ‘यू कान्ट स्टॉप मी’ निघाला. अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड 200’ या खपाच्या यादीत तो 16 व्या क्रमांकावर पोचला, बँडसाठी तोवरचा सर्वांत वरचा. ऐकणाऱ्यांनी हर्मिडाला स्वीकारलं, पण एका अटीवर: गेलेल्याच्या जागी उभा राहतोयस, तर त्याच्यासारखाच उभा राहा. असं कुणी बोलून दाखवत नाही. ज्या घरात थोरला भाऊ गेलाय तिथे धाकट्याला अशा अटी न बोलताच कळतात.

आणि मग पाचव्या अल्बमला त्यांनी बँडचंच नाव दिलं. पहिल्या अल्बमला स्वतःचं नाव देणं हा रिवाज आहे. पाचव्याला देणं म्हणजे बारसं पुन्हा करणं. निर्माता निवडला रॉस रॉबिन्सन. कॉर्न या बँडचा 1994 चा पहिला अल्बम याचा, सेपल्टुराचा ‘रूट्स’ याचा, स्लिपनॉटचा 1999 चा पहिला मोठा अल्बम याचाच. गायकाला कोंडीत पकडून त्याच्या आतलं काहीतरी बाहेर काढायचं, ही त्याची ख्याती. कॉर्नच्या त्या अल्बमच्या शेवटी गायक खरोखर कोसळून रडतो आणि टेप चालूच राहते.

जानेवारी 2017 मध्ये ‘डॉरिस’ हे पहिलं गाणं आलं. गुरगुर होती, जड गिटार होती, पण मुखड्यात हर्मिडा स्वच्छ आवाजात, ज्याला आमच्यात ‘क्लीन’ म्हणतात तसं गात होता, आणि मधेच बारीक आवाजात हसत होता: टी-ही. एवढंच. ते हसू वणव्यासारखं पसरलं. कुणी त्याचे तुकडे कापून नाचणाऱ्या बाळांवर चिकटवले, कुणी अल्बमचं प्रकाशन थांबवा म्हणून ऑनलाइन अर्ज काढला आणि लोकांनी त्यावर सह्याही केल्या. अजून न ऐकलेला अल्बम येऊच देऊ नका असं ज्यांनी म्हटलं, त्यांच्या आवडत्या गाण्यांमध्ये बंडखोरीशिवाय दुसरा विषय नव्हता.

मुंबईत ते एवढं पसरायला आणखी एक साधं कारण होतं. जिओचा डेटा त्या वर्षी 31 मार्चपर्यंत फुकट होता. एरवी एक व्हिडिओ बघायला दहादा विचार करणारी पोरं विरार लोकलमध्ये दाराशी लटकून ‘डॉरिस’ बघत होती. मन्याने तर त्या हसण्याचा तुकडा कापून रिंगटोनच केली. ड्रमर मन्या, ज्याच्या घरी आम्ही जमायचो.

लालबागची खोली

24 फेब्रुवारी, शुक्रवार, महाशिवरात्र. आदल्याच दिवशी महापालिकेचा निकाल लागला होता, शिवसेना 84 आणि भाजप 82, आणि लालबागमध्ये गुलालाचा चिखल अजून पायांना लागत होता. मन्याच्या घरी आम्ही चौघे: मन्या, गिटार वाजवणारा शिरीष, मी आणि केतकी. केतकी आमच्यात ऑडपीस. ती दादरला शास्त्रीय गाणं शिकायची, मन्याची मावसबहीण, आणि उपास म्हणून मावशीच्या खिचडीला आली होती. मेटलशी तिचा संबंध इतकाच की गणपतीत आमचे कान बधिर झाल्याची चेष्टा करायची.

अल्बम लावला मन्याच्या ब्लूटूथ स्पीकरवर. हे मी मुद्दाम सांगतोय. मुठीएवढा स्पीकर, त्यातून बेस गिटार ऐकू येणं शक्यच नव्हतं. किक ड्रमची फक्त टकटक. मी तेव्हा साउंडचंच काम करत होतो, लग्नाच्या हॉलपासून कॉलेजच्या फेस्टपर्यंत. एखाद्या पोराने असल्या स्पीकरवर मिक्स ऐकून मत दिलं असतं तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

‘डॉरिस’ लागलं आणि आम्ही तिघांनी हसण्याच्या जागी सुरात हसून घेतलं, ठरवल्यासारखं. ‘सायलेन्स’ला शिरीष म्हणाला, "हे कॉर्नचं उरलंसुरलं." ‘लिसन’ला कुणी काही बोललं नाही. ‘डाइंग इन अ रेड रूम’ हे संथ, कुजबुजतं गाणं. तिथे मन्याने कपाळावर हात मारून घेतला. आणि मग खिचडी आली. वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर, बाजूला दही. पुढची गाणी वाजत राहिली आणि आम्ही निकालावर बोलत राहिलो: महापौर कुणाचा, युती होणार का.

चौथ्या गाण्यानंतर लगेच ‘होल्ड मी अप, होल्ड मी डाऊन’ येतं. अख्ख्या अल्बममधलं सगळ्यात चवताळलेलं, जुन्या चाहत्यांना हवं होतं तसलं गाणं तेच. मी ते ऐकलं महिन्याभराने. आम्ही त्यावर साबुदाणा खाल्ला.

नऊ गाणी संपली तेव्हा केतकीने ताटली खाली ठेवत विचारलं, "याला गायचं आहे की गायचं नाही?"

"म्हणजे?"

"म्हणजे सूर सोडून गायचं ठरवलं असेल तर ठीक आहे. पण हा लावायला जातोय आणि तो लागत नाहीये. गुरगुरतो तेव्हा याला जागा बरोबर माहीत आहेत, कुठे दम घ्यायचा, कुठे सोडायचं. साधं गायला लागला की याचं शरीरच वेगळं होतं. नवशिक्यासारखं."

मन्या म्हणाला, "तू गप, तुला यातलं कळत नाही." आम्ही सगळे हसलो. त्या संध्याकाळी त्या खोलीत संगीताबद्दल बोललं गेलेलं एकमेव वाक्य ते होतं, आणि आम्ही ते हसून घालवलं.

परीक्षण

रविवारी बसून लिहून टाकलं. संपादक म्हणाले होते, "जरा झणझणीत लिही, तरुणांची पानं आहेत." शीर्षक होतं ‘वाघाचं म्याव’. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: ‘मिच लकर आज असता तर त्याने मायक्रोफोन हिसकावून घेतला असता.’ शेवटी: ‘टी-ही करत हा बँड आपल्याच तिरडीमागे चालतो आहे.’

हे शेवटचं वाक्य लोकांना फार आवडलं. मला आजही त्याची लाज वाटते. जो बँड आपल्या मित्राला खरोखर पोचवून आला होता, त्याच्याबद्दल मी तिरडीचा विनोद केला होता, लयीला बरा वाटला म्हणून.

मुलांना मी या कात्रणातल्या ओळींखाली रंगीत पेन्सिलने रेघा मारायला लावतो. जिथे आवाजाचं वर्णन आहे तिथे हिरवी. जिथे चाहत्याचा राग आहे तिथे लाल. जिथे तिसऱ्याकडून ऐकलेलं आहे तिथे पिवळी. कागद लाल-पिवळा होतो, हळदी-कुंकवाच्या ताटासारखा. हिरवी रेघ दीड ओळीपुरती: ‘गिटारचा आवाज गढूळ आहे आणि ड्रम रिकाम्या डब्यासारखे वाजतात.’ आणि हे तरी खरं होतं का? मुठीएवढ्या स्पीकरवर?

बाहेर चाललं होतं तेही फार वेगळं नव्हतं. मोजक्या समीक्षकांनी बँडच्या हिमतीची दखल घेतली, काहींनी ‘प्रयत्न चांगला, अल्बम फसला’ असं सावध लिहिलं, पण सूर एकंदर नकाराचाच. विक्रीही मागच्या अल्बमच्या मानाने पार घसरली. बरं, ते परीक्षणांमुळे झालं म्हणावं तर तसंही नाही. ‘डॉरिस’ आल्यावर पहिल्या आठवड्यातच लोकांचं ठरलं होतं. परीक्षणं नंतर आली, वरातीमागून घोडं.

एप्रिल

3 एप्रिलला किशोरी आमोणकर गेल्या. आमच्या घरात बाबांनी दोन दिवस टीव्ही लावला नाही, फक्त जुन्या कॅसेटी. ते जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं ऐकणारे, स्वतः गात नाहीत पण मैफिलींच्या तारखा पाठ. तिसऱ्या दिवशी जेवताना आपणहून बोलायला लागले.

"तुम्हाला आज ही सगळी फुलं दिसतायत. आमच्या वेळी काय काय बोलायचे लोक. मोगूबाईंची मुलगी, अल्लादियाखाँसाहेबांची परंपरा, आणि लयीचा तो पेच सोडून आलाप काय करत बसते, भाव काय, ठुमरीचं अंग काय. घराणं बुडवलं म्हणायचे. तोंडावर."

मी सहज माझ्या परीक्षणाबद्दल सांगितलं. बँडचं नाव ऐकून त्यांनी तोंड वाकडं केलं, पण गोष्ट नीट ऐकून घेतली. घोगरं गाणारा माणूस साधं गायला लागला म्हणून लोक चिडले, हे त्यांना भलतंच रंजक वाटलं.

"मग तूही घराणं बुडवलं म्हणणाऱ्यांतला की."

"बाबा, तसं नाही. तो गातच वाईट होता."

"ते लिहिलंस का?"

नव्हतं लिहिलं.

बाबा भात कालवत म्हणाले, "किशोरीताईंनी जे सोडलं ते त्यांना येत होतं. आईने घोटून घेतलं होतं. आणि जे धरलं त्याचीही तयारी केली. मधे आवाज गेला होता त्यांचा, दोन वर्षं. तेव्हाही विचार चालूच होता. या तुझ्या माणसाला सोडलेलं येत होतं, ठीक. धरलेलं येत होतं का?"

ताई आणि हर्मिडा एका ओळीत बसत नाहीत, हे मला कळतं, आणि बाबांनाही कळत होतं. पण प्रश्न दोन आहेत हे मला त्या ताटावर कळलं. आपली हद्द सोडली का, हा एक. नव्या हद्दीत काम नीट केलं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा विचारायचा कंटाळा येतो. मी तर पहिला प्रश्नही बाहेरून उसना घेतला होता.

पुन्हा ऐकणं

त्या आठवड्यात गोरेगावच्या एका ओळखीच्या स्टुडिओत, रात्री काम संपल्यावर, मोठ्या मॉनिटर स्पीकरवर तो अल्बम सलग ऐकला. पहिल्या दोन मिनिटांत मान खाली गेली.

ड्रम रिकाम्या डब्यासारखे नव्हते. ते खरे होते. दोन हजार सालानंतरचं बहुतेक डेथकोर कसं बनतं ते साउंडच्या माणसाला माहीत असतं: किकच्या प्रत्येक ठोक्यावर आधीच नोंदवलेला एकच नमुना चढवतात, त्यामुळे ती टाइपरायटरसारखी एकसारखी वाजते, प्रत्येक ठोका संगणकावर रेघेला आणून बसवतात, गिटारचे चार थर, गायकाचा खालचा गुरगुराट आणि वरची किंकाळी एकावर एक. ऐकणाऱ्याला वाटतं एक राक्षस गातोय. गात असतो एकच माणूस, चार वेळा. रॉबिन्सनची रीत याच्या उलटी: बँडला एका खोलीत उभं करायचं, एकदम वाजवून घ्यायचं, आणि घामासकट ठेवायचं. अ‍ॅलेक्स लोपेझ या ड्रमरच्या स्नेअर ड्रमची कडी लांब वाजत राहते, ठोके कमीजास्त जोराचे आहेत, झांजा मायक्रोफोनमधून एकमेकींत सांडतात. हे सगळं मला ऐकू यायला हवं होतं. माझा धंदाच तो.

पण त्याच निर्णयाने हर्मिडाचा घात केला, आणि हे मला आजही अल्बमचं खरं अपयश वाटतं. थरांच्या मागे लपायची सोय काढून घेतली की क्लीन गळा उघडा पडतो. ‘रन’मध्ये ओळ वर जाते तिथे आवाज पातळ होतो आणि सुराच्या किंचित खाली लोंबकळतो. ‘कन्फॉर्मिटी’ हे मऊ गाणं, त्यात तर आसराच नाही. रॉबिन्सनला कच्चेपणा हवा असतो, आणि कॉर्नमध्ये तो चालला, कारण तिथे कच्चेपणाच गाण्याचा विषय होता. इथे मात्र चाली अशा आहेत की त्यांना पक्का सूर लागतो. केतकीचं वाक्य, शब्दाला शब्द.

आणि ते हसू? ते मला आता तितकं खुपत नाही. नव्वदच्या दशकातल्या नू-मेटलमध्ये, म्हणजे कॉर्न, स्लिपनॉट यांच्या प्रकारात, बरळणं, हुंदके, वेड्यासारखं खिदळणं हे सगळं गळ्याच्या शब्दसंग्रहात होतं, आणि ज्याने तो शब्दसंग्रह घडवायला हातभार लावला तोच माणूस काचेपलीकडे बसला होता. जो तिथून आला त्याला ‘टी-ही’चा अर्थ लागतो: हे माणूस हादरल्यावरचं हसू आहे. जो ब्रेकडाऊनची वाट बघत बसलाय त्याला ती थट्टा वाटते, तीही आपलीच.

मुंबईत मेटलमधल्या हसण्याचं आम्हाला वावडं कधीच नव्हतं, हे इथे सांगायला हवं. आपल्याच स्क्राइब या बँडने 2010 मध्ये अल्बमचं नाव ‘मार्क ऑफ तेजा’ ठेवलं, 2014 मध्ये ‘हेल मोगॅम्बो’. हिंदी सिनेमाचे खलनायक घेऊन त्यांनी हार्डकोर वाजवलं आणि आम्ही नाचता नाचता हसलो. पण स्क्राइब आमच्याकडे बघून डोळा मारत होते. हर्मिडा कुणाकडेच बघत नव्हता. विनोद म्हणून न केलेलं हसू ऐकलं की माणूस अस्वस्थ होतो आणि अस्वस्थपणा लपवायला स्वतः हसतो. आम्ही तिघे त्या खोलीत जे हसलो ते हेच असावं. मन्याला हे पटत नाही. त्याच्या मते ते फक्त भिकार होतं.

पुढे काय झालं

मुलं इथे विचारतात: मग डेथकोरवाल्यांनी क्लीन गायलेलं लोकांना चालतच नाही का? तर तसंही नाही. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचा व्हाइटचॅपल हाही याच पिढीचा बँड. त्यांनी 2016 च्या ‘मार्क ऑफ द ब्लेड’मध्ये थोडं क्लीन आणलं, तेव्हा कुरकुर झाली. मग 29 मार्च 2019 ला ‘द व्हॅली’ आला. त्यात ‘हिकरी क्रीक’ हे गाणं अख्खं साध्या आवाजात आहे, आणि तेच अल्बमचं मर्म म्हणून वाखाणलं गेलं. त्यांचा गायक फिल बोझमन याने त्या अल्बममध्ये स्वतःच्या भयंकर बालपणाबद्दल, आईबद्दल लिहिलं आहे. तिथे मऊ आवाज येतो तेव्हा तो का आला हे विचारावं लागत नाही. शिवाय बाजूची गाणी पूर्वीइतकीच जड. आणि, बाबांच्या भाषेत, धरलेलं येत होतं.

शिरीष याचं श्रेय सरळ बाजाराला देतो. म्हणतो, तीन वर्षांत पायरीपायरीने आणलं म्हणून पचलं; सुइसाईड सायलेन्सने एका रात्रीत आणलं. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पहिलं गाणं म्हणून ‘डॉरिस’ऐवजी ‘होल्ड मी अप, होल्ड मी डाऊन’ सोडलं असतं तर चाहते निदान दारात तरी उभे राहिले असते. पण त्याने ‘रन’मधला सूर वर गेला नसता.

सुइसाईड सायलेन्स 14 फेब्रुवारी 2020 ला ‘बिकम द हंटर’ घेऊन आले. निर्माता बदललेला, स्टीव्ह एव्हेट्स. गुरगुर परत, ब्रेकडाऊन परत. परीक्षणं बरी आली. ‘चला, शुद्धीवर आले’ असा सूर. मी तो दोनदा ऐकला आणि आज त्यातलं एक गाणं मला गुणगुणता येत नाही. 2017 चा फसलेला अल्बम मात्र क्रमाने आठवतो. याचा अर्थ तो थोर आहे असा नाही. दुखरा दात पण आठवतो. दरम्यान न्यू जर्सीच्या लोर्ना शोर या बँडने 2021 मध्ये ‘टू द हेलफायर’ने डेथकोरला एकदम नव्या पोरांपर्यंत पोचवलं, आणि 2022 च्या ‘पेन रिमेन्स’मध्ये तर विरहावर तीन भागांचं गाणं केलं, मागे वाद्यवृंदाचा गजर. रडणं चालतं तर. पण तिथे त्यांचा गायक विल रामोस याचा गळा गुरगुरतच रडतो. हद्द पाळून.

परीक्षणाचं मी काय केलं? संपादकांना फोन करून म्हटलं, पुन्हा लिहितो. ते म्हणाले, "अहो, जुनं झालं आता ते. आणि लोकांना तुमचं तिरडीचं वाक्य आवडलंय." मासिकाची ती पानं वर्षभरात बंद झाली. म्हणून ते कात्रण वर्गात फिरतं.

गेल्या हिवाळ्यात वर्ग चालू असताना मन्या आला. त्याच्या केटरिंगच्या गाडीला माझ्याकडचे दोन स्पीकर हवे होते. ड्रम सोडून त्याला सहा वर्षं झाली. वर्गात कात्रणाचा भाग संपून मुलं ड्रमचे मायक्रोफोन लावत होती, आणि मन्याचा फोन वाजला. टी-ही. मग गिटार. फोन बदलले, रिंगटोन तीच. आता त्याला ती ऐकूही येत नाही.

कात्रणाच्या दिवशी गैरहजर असलेली एक मुलगी स्नेअरवर वाकली होती. तिने मान वर केली. "दादा, कुठलं गाणं आहे हे? भारी आहे."

मन्याने माझ्याकडे पाहिलं, फोन कापला, आणि म्हणाला, "बायकोचा होता." मग स्पीकर उचलायला वाकला.